पायताण कुडाबाहेर

“…आणि तहान लागली, की ते यंत्र तुला सांगतं व्हय?” चाचांनी विचारलं.

“हो. फोनवर.”

“कुणाची तहान?”

“वेलाची, चाचा.”

“असं का. मला वाटलं, त्याची.”

मी हसले. अगदी साध्या गोष्टीत गोंधळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे बघून हसतात, तसं. ते हसू आठवलं की अजून माझे कान तापतात.

दस्तगीरचाचा आमच्या पानमळ्याच्या दाराशी, पालथ्या घातलेल्या पाटीवर बसले होते. मी समोर दगडावर. मांडीवर माझी लेक कनक, एकोणपन्नास दिवसांची, डोक्याला टोपडं, पायात लोकरीचे मोजे.

फाल्गुन निम्मा सरला होता. ऊन नऊलाच चटकत होतं.

चाचा ऐंशीच्या पुढचे. गावाबाहेरच्या दर्ग्याशेजारी तक्क्यात, म्हणजे फकिराच्या मठीत, एकटे राहतात. मिरजेच्या पूर्वेला आमच्या भागात ज्यांना नागवेल बांधता येते, त्यांतल्या निम्म्यांना चाचांनी शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्यांना त्या निम्म्यांनी. माझे सासरे पहिल्या निम्म्यात येतात. त्यांना आम्ही मामा म्हणतो.

चाचा स्वतः पान खात नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, आचाऱ्याला कधी पोटभर जेवताना बघितलंय का?

त्या दिवशी मामांनी त्यांना बोलावलं होतं ते वेल बघायला. उगवतीकडच्या चार वाफ्यांतली पानं पिवळी पडत होती. मामा म्हणत होते, मर लागली असणार. मर लागलेला वेल बुडातून काळा पडतो, आणि वेळीच आवरली नाही तर ती या वाफ्यातून त्या वाफ्यात जाते. मग मळाच काढून टाकावा लागतो. मामांनी पंचेचाळीस वर्षं राखलेला मळा.

आणि गेले एकोणीस दिवस त्या मळ्याचं पाणी माझ्या हातात होतं.

म्हणून मी मामांच्या आधी येऊन दारात बसले होते. चाचांनी माझं यंत्र बघावं आणि एकच वाक्य बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. दोष पाण्याचा नाही, हे ते वाक्य. शेतकीची पदवी माझ्याकडे होती. प्रमाणपत्र मात्र मला तक्क्यातलं हवं होतं.

“दिसायला कसं हाय?” चाचा पुढे वाकले.

“एवढंसं आहे. वर डबी, डबीला सौरपट्टी. खाली तीन पाय, सुयांसारखे. ते मातीत जातात. सहा इंच खाली किती ओल आहे ते बघतात आणि आकडा पाठवतात.”

“सहा इंच. मुळं जिथं पसरत्यात तिथवर.”

“बरोबर.”

“बघायला डोळा न्हाई आणि बोलायला तोंड न्हाई. आणि तरी सांगतंय.” चाचांच्या आवाजात थट्टा नव्हती. एखादं पोर पहिल्यांदा बेडूक हातात घेतं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. “मग? आकडा आल्यावर?”

“पंचवीसच्या खाली आकडा गेला की पाणी द्यायचं. मोटारसुद्धा मी इथूनच चालू करते.” मी फोन दाखवला. “हिला पाजता पाजता.”

“आत न जाता?”

“आत न जाता.”

मामा कुडापलीकडे, मळ्यात होते. वाळक्या पाचटाच्या कुडातून त्यांचं धोतर तेवढं दिसत होतं.  गेले एकोणीस दिवस ते फारसं बोललेच नव्हते.

“आज काय म्हणतंय ते?” चाचांनी विचारलं.

“चौदा.”

“म्हणजे कोरडं.”

“हो. म्हणून सकाळी अर्धा तास पाणी दिलं.”

“दिल्यावर काय म्हणालं?”

मी बघितलं. “चौदा.”

“काल?”

बोट सरकवलं. “चौदा.”

“सोमवारी वळवाचे चार शिंतोडे पडले होते बघ. त्या दिवशी?”

“…चौदा.”

चाचांनी हात जोडून कपाळाला लावले.

“भूपाल,” त्यांनी कुडाकडे बघून मामांना हाक मारली, “तुझ्या मळ्यात मोठा अवलिया येऊन राहिलाय की रे. पाणी दिलं तरी चौदा, न्हाई दिलं तरी चौदा. चाळीस वर्षं तक्क्यात बसलोय, मला न्हाई जमलं हे.”

कुडापलीकडे मामा हसले. मी हसले नाही.

“आकडा स्थिर राहणं हे चांगल्या यंत्राचं लक्षण असतं, चाचा,” मी म्हणाले.

हे मी कुठे वाचलं होतं ते मी नंतर खूप शोधलं. अजून सापडलेलं नाही.

खरं सांगायचं तर त्या चौदाचा मला आधार वाटायचा. घरात दुसरं काहीच स्थिर नव्हतं. कनकचं वजन एका आठवड्यात वाढायचं, दुसऱ्यात अडायचं. तिचं अंग हाताला गरम लागायचं, थर्मामीटरला लागायचं नाही. ती रडली की मी पाजायची, पाजलं की ती पुन्हा रडायची, की मी पुन्हा पाजायची. किती वाजता, कोणत्या बाजूला, किती मिनिटं, सगळं फोनमध्ये लिहून ठेवायची. आणि त्या सगळ्यातून फोनचं दुसरं पान उघडलं की तिथे शांतपणे चौदा.

रोज तेच सांगणाऱ्याची भीती वाटत नाही.

“भूपाल,” चाचा म्हणाले, “तू रोज आत जातोस. तुझे पाय काय म्हणतात?”

मामा उत्तर द्यायला वेळ लावतात. त्या दिवशी जरा जास्तच लावला.

“चौथ्या दिवशी म्हणालो होतो हिला. पाय रुततोय म्हणून.”

“मग?”

“ही म्हणाली, वरचं ओलं दिसतं, मामा. खाली कोरडं असतं. यंत्र खालचं बघतं.”

“आणि मग?”

“मग काय. शिकल्यालं माणूस.”

…

कनक कुसमुसली. मी फोन बघितला. पाजून पंचवीस मिनिटं झाली होती. तिला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं. ती थांबली नाही.

चाचांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि मग पुन्हा माझ्याकडे.

“आत कसं गेलं ते?”

“कोण?”

“तुझं यंत्र. कुणी रोवलं?”

“मामांनी. मी इथे बसून सांगत होते.”

“तू का न्हाई?”

“माझा सव्वा महिना चालू होता, चाचा.”

बाळंतपणाचा सव्वा महिना बाई पानमळ्यात पाय ठेवत नाही. आमच्याकडे नागवेल म्हणजे देव. मला हा नियम पटत नाही, आणि मी तो पूर्ण पाळला. पटत नसलेले नियम पाळायला शिक्षणाचा फार उपयोग होतो, कारणं लवकर सापडतात. मला सापडलेलं कारण असं, की आता यंत्र आहे, आत जायची गरजच काय.

यंत्राला सुवेर नसतं. ते माझ्याऐवजी आत जाईल, असा माझा हिशेब होता. ते डब्यातून काढलं तेव्हा कनक तीस दिवसांची होती आणि रडत होती. सोबत बत्तीस पानांचं माहितीपुस्तक होतं. मी सहाव्या पानापर्यंत पोचले होते.

“मामांनी अगदी रीतीनं नेलं,” मी सांगितलं. “आधी पाण्यानं धुतलं. हळदकुंकू लावलं. नारळ फोडला.”

“बरं केलं.” चाचांनी मान डोलावली. मग सहज विचारावं तसं विचारलं, “आणि पायताण?”

“ते तर मामा कायम बाहेरच काढतात. हे काय.” दाराशी मामांच्या चपला होत्या. शेजारी चाचांच्या, टायरच्या तळाच्या.

पानमळ्यात कुणी पायताण घालून जात नाही. मालक नाही, गडी नाही, पानं खुडणाऱ्या बायका नाहीत. एकदा तालुक्याचे साहेब आले होते, त्यांनी बूट काढायला नको म्हणून कुडावरूनच मळा बघितला.

“भूपालचं न्हवं गं,” चाचा म्हणाले. “त्याचं.”

“कुणाचं?”

“यंत्राचं.”

“चाचा, यंत्राला कुठलं पायताण?”

“तूच म्हणालीस की मघाशी, तीन पाय हाईत.”

“म्हणायचे पाय ते.”

“असू दे. पाय म्हणल्यावर पायताण आलं. आत जाताना काढलं का, एवढंच विचारतोय.”

मी मामांच्या दिशेनं बघितलं, म्हाताऱ्याचं वय झालं अशा अर्थानं. कुडापलीकडचं धोतर हललं नाही.

“सव्वा महिना कधी सरला तुझा?” चाचांनी विचारलं.

“नऊ दिवस झाले.”

“मग आत का न्हाई गेलीस?”

“हिला सोडून कशी जाणार…” मी म्हणाले. मग म्हणाले, “फोनवर दिसतं की सगळं.”



मी अजून एक कारण शोधत होते. ते मिळेपर्यंत चाचांनी दोन्ही हात पुढे केले होते. कनकसाठी.

“मान सांभाळून धरा,” मी म्हणाले. “टोपडं काढू नका, वारं आहे. पाजलंय तिला. ढेकर आली नाहीये. रडली तर…”

“रडली तर रडंल.”

मी चपला काढल्या आणि आत गेले.

वेल चढवलेल्या शेवरीच्या सावलीत डोळे सरावायला वेळ लागतो. त्याआधी पाय सांगतात.

पहिल्या वाफ्याला चिखल बोटांमधून वर आला. दुसऱ्याला घोट्यापर्यंत. तिसऱ्या वाफ्यात पाय काढताना मातीनं असा आवाज केला, की दहा पावलांवर उभ्या असलेल्या मामांनी मान दुसरीकडे वळवली. मला लाज वाटू नये म्हणून.

वास येत होता. साचलेल्या पाण्याचा, कुजट. हा वास फोनवर येत नाही.

चौथ्या वाफ्यात माझं यंत्र होतं. डबीवर हळदकुंकू अजून तसंच. सौरपट्टी चमकत होती. दिवा हिरवा. सगळं ठीक आहे असं म्हणणारा हिरवा.

मी गुडघ्यावर बसले, हातानं माती उकरली आणि ते वर ओढलं. सुया दिसायच्या होत्या. दिसलं ते काळं, गोल, चिखलानं माखलेलं काहीतरी. साडीच्या पदरानं पुसलं. रबराचं जाड टोपण. तीन सुयांना मिळून एकच. कारखान्यातून येताना टोकं मोडू नयेत म्हणून घातलेलं.

ओढलं तर निघेना. दातानं धरून ओढलं.

आत कोरडंठाक होतं. थोडी पांढरी भुकटीसुद्धा होती.

म्हणजे ते खोटं बोललं नव्हतं. एकोणीस दिवस ते खरंच सांगत होतं, मला तहान लागलीये. फक्त ती वेलाची तहान नव्हती.

“त्याचंच अंग वाटलं मला ते,” मामा मागे येऊन उभे राहिले होते. आवाज अपराध्यासारखा. “काढणार होतो, पद्मजा. तर तू दारातनं म्हणालीस, जसं हाय तसंच रोवा, कुठं हात लावू नका.”

म्हणाले होते मी. दोनदा म्हणाले होते. मामांचे हात खरबरीत आहेत आणि यंत्र नाजूक आहे, असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं. ज्या हातांनी पंचेचाळीस वर्षं पानाला नख लागू दिलं नाही, त्या हातांबद्दल.

 मी उघड्या सुया मातीत रोवल्या. पदराला हात पुसून फोन काढला.

चौदा.

चौदा.

मग बासष्ट. आणि फोननं कधी न काढलेला आवाज काढला. लाल अक्षरं आली: पाणी ताबडतोब बंद करा.

“काय म्हणतंय?” कुडाबाहेरून चाचांनी विचारलं.

“बासष्ट.”

“आलं का भानावर. अवलिया बिघडला.”

मामा बाहेर गेले, आणि कनकला त्यांच्याकडे देऊन चाचा आत आले. वाफ्यावाफ्यातून हळूहळू चालले. काही वेल बोटांत धरून बुडाशी वाकून बघितले, काहींच्या बुडाची माती नाकाशी नेली. मी मागे मागे. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब अर्धा तास असेल, आणि मी नुकतीच बाळंत झालेली बाई आहे.

शेवटी ते दाराशी येऊन उभे राहिले.

“दोन वाफे गेले,” चाचा म्हणाले. “ते काढा, लांब नेऊन जाळा. बाकीच्यांना मर न्हाई लागली अजून. उतारानं चर काढा, पाणी निघू दे. आठ दिवस पाण्याला हात लावायचा न्हाई.”

“आणि मळा?” मी विचारलं.

“मळा हाय की.”

 मामा म्हणाले, “आधी ते फेकून देतो.”

कनक त्यांच्या खांद्यावर होती. त्यांनी हनुवटीनं वाफ्याकडे दाखवलं.  बोलायचा हक्क मी चिखलात घालवून आले होते.

“कशापायी?” चाचांनी विचारलं.

“दोन वाफे खाल्ले त्यानं, चाचा.”

“पायताण घालून आत गेलं, एवढाच गुन्हा त्याचा. मी पहिल्यांदा या मळ्यात आलो तेव्हा पायात जोडा होता माझ्या. ईदचा, नवा. काढायचा असतो हे कुणी सांगितलं न्हाई.” चाचांनी मामांकडे बघितलं. “तुझ्या बापानं मला फेकून दिलं न्हाई. जोडा तेवढा काढायला लावला.”

मामांनी कनकला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“आजच तर बोलायला लागलंय ते,” चाचा म्हणाले. “ऐकू की जरा.”

मग त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. माझ्या मुठीत ते काळं टोपण अजून होतं, हे मला तेव्हा कळलं. मी ते दिलं. त्यांनी पाटाच्या पाण्यात ते धुतलं, झटकलं, आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं. मामांच्या चपला, चाचांच्या टायरच्या, माझ्या. त्यांच्या रांगेत शेवटी अंगठ्याएवढं टोपण, नीट, टोक बाहेरच्या बाजूला करून.



“चाचा.”

“हं.”

“उद्यापासून मी कशावर भरवसा ठेवू? फोनवर, का पायांवर?”

प्रश्न मला चांगला वाटला होता. चिखलातून परत येता येता मी तो मनात दोनदा घासून घेतला होता. याचं उत्तर मिळालं की ते लिहून ठेवायचं, असंही ठरवलं होतं. मळ्याच्या दाराशी, भिंतीवर, कुठेतरी.

चाचा पायताण घालत होते. एक पाय घातला. दुसरा घातला.

…

कनक रडायला लागली. आधी कुसमुसली, मग चेहरा लाल करून, श्वास अडकेपर्यंत. मामा तिला हलवू लागले. मी तिला घेतलं, दुसऱ्या हातानं फोन उघडला. शेवटचं पाजणं, एक तास दहा मिनिटं. बाजू डावी. म्हणजे भूक नसावी. किंवा असावी. ढेकर? कपाळ गरम लागत होतं. माझा हात चिखलाचा आणि गार होता, त्यामुळे गरम लागत असेल. थर्मामीटर घरी…

“चाचा, पोटात दुखत असेल का हिच्या?”

चाचा निघाले होते. दोन पावलं जाऊन थांबले. मागे वळून त्यांनी तिच्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, मघाशी वेल बघितले होते तसं.

“मोजे काढ तिचे,” ते म्हणाले.